देव्हारा आणि दिवाणखाना : जपानी काष्ठपॅगोड्यांच्या प्रतिकृतींचा एक ऐतिहासिक विचार

१

घरातील शोभेच्या वस्तूंकडे इतिहासाचा अभ्यासक सहसा वळत नाही. ताम्रपट, शिलालेख, नाणी, दप्तरखान्यातील रुमाल यांना साधनांच्या यादीत मानाचे स्थान मिळते. परंतु दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात जपानी बाहुली, कागदी पंखा, चिनी मातीचे फुलपात्र यांच्या शेजारी उभा असलेला लाकडी पॅगोडा हा आपल्या दृष्टीने केवळ हौसेचा विषय ठरतो. वीतभर उंचीची, तीन किंवा पाच छपरांची, बारीक कोरीव कठड्यांची ही प्रतिकृती कोणी आणली, कोठून आणली, आणि ती घरात ज्या जागी ठेवली तेथेच का ठेवली, हे प्रश्न घरातील वडील माणसे हयात आहेत तोवर विचारले जात नाहीत, आणि ती गेल्यावर विचारून उपयोग नसतो.

प्रस्तुत निबंधात या एका वस्तुप्रकाराचा मागोवा घ्यावयाचा आहे. त्यासाठी दृष्टीसमोर कोल्हापुरातील शाहूपुरी ही पेठ ठेवली आहे. या निवडीस दोन कारणे आहेत. एक तर शाहूपुरी ही जुन्या गावठाणातून वाढलेली वस्ती नव्हे. ती राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९५ साली व्यापारासाठी वसविलेली पेठ होय. तेथील घरे वतनदारांच्या वाड्यांहून भिन्न स्वरूपाची आहेत. परंपरेने चालत आलेल्या वस्तूंपेक्षा बाजारातून विकत आणलेल्या वस्तूंचा इतिहास अशा वस्तीत अधिक स्पष्टपणे वाचता येतो. दुसरे कारण असे की, पॅगोड्याचा मूळ पूर्वज जो स्तूप, त्याचे अवशेष याच कोल्हापूरच्या भूमीत सापडलेले आहेत. म्हणून जपानी पॅगोड्याची प्रतिकृती कोल्हापुरातील घरात येणे ही घटना वरवर दिसते तितकी परकी नाही. तथापि ती 'घरवापसी' होती असे म्हणणेही इतिहासाला धरून होणार नाही. या दोन टोकांमधील सत्य शोधणे हा या निबंधाचा हेतू आहे.

२

आरंभी शब्दाचा विचार करणे इष्ट होय. 'पॅगोडा' हा शब्द जपानी नाही, चिनीही नाही. तो युरोपीय भाषांत शिरला तो पोर्तुगीजांच्या द्वारे, आणि पोर्तुगीजांनी तो वापरला तो प्रथमतः आपल्याच किनाऱ्यावरील देवळांना उद्देशून. गोव्यात १५६३ साली छापल्या गेलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता याने घारापुरीच्या लेण्याचा उल्लेख याच शब्दाने केला आहे. शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी मतैक्य नाही. कोणी तो फारसी 'बुतकदा' या शब्दापासून, कोणी 'भगवती'पासून, तर कोणी 'धातुगर्भ' या शब्दाचे सिंहली रूप जे 'दागोबा' त्यापासून निघाला असे मानतात.

मराठ्यांच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यास हा शब्द आणखी एका अर्थाने परिचित आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारींच्या पत्रव्यवहारात 'पॅगोडा' म्हणजे होन. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकप्रसंगी, १६७४ साली, रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झेंडेनच्या वृत्तांतात सुवर्णतुलेचे मोल पॅगोड्यांत सांगितले आहे, ते याच अर्थाने. तात्पर्य, एकच शब्द कधी देऊळ, कधी नाणे, आणि पुढे पूर्व आशियातील बहुमजली मनोरा, अशा तीन वस्तूंना लावला गेला. जपानी मनुष्य मात्र आपल्या मनोऱ्यास 'तो' असे म्हणतो. हे स्तूपवाचक चिनी शब्दाचे जपानी रूप होय. पाश्चात्त्य प्रवाशांनी दिलेले नाव घेऊन ती वस्तू आपल्याकडे परत आली, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. कारण ज्या बाजारातून ती आली त्या बाजाराचे स्वरूपही या नावातून सूचित होते.

३

स्तूपापासून पॅगोडा कसा झाला, हे समजून घेण्यासाठी कार्ल्याच्या चैत्यगृहात जावे. तेथील स्तूपाच्या अंडावर हर्मिका आहे, आणि तीवर मूळचे लाकडी छत्र आजही उभे आहे. दगडात कोरलेल्या स्तूपावर लाकडाचे छत्र असावे ही गोष्ट महत्त्वाची आहे. आपल्या लेण्यांचे शिल्पी लाकडी बांधकामाचे संस्कार घेऊन दगडाकडे वळले होते, याची ती साक्ष होय. भाजे येथील चैत्यगृहाच्या छतातील लाकडी फासळ्याही तेच सांगतात.

पुढील काळात या छत्राची संख्या वाढत गेली. एकाऐवजी तीन, पाच, सात अशी छत्रे एका यष्टीवर चढू लागली व छत्रावली निर्माण झाली. गांधार, मध्य आशिया, चीन, कोरिया या मार्गाने स्तूपाची कल्पना पूर्वेकडे गेली, तेव्हा चीनमधील बहुमजली लाकडी मनोऱ्याशी तिचा संयोग झाला. सहाव्या शतकाच्या अखेरीस कोरियातील पेक्चे राज्यातून आलेल्या कारागिरांनी जपानात मंदिरे उभारण्यास प्रारंभ केला, तो याच संयुक्त रूपाने.

जपानी पॅगोड्याच्या शिखरावरील धातूच्या स्तंभाकडे बारकाईने पाहिले असता आपला स्तूप तेथे जसाच्या तसा सापडतो. या स्तंभास जपानी भाषेत 'सोरिन' म्हणतात. त्याच्या तळाशी चौकोनी बैठक असते. तीवर पालथ्या वाडग्यासारखा घुमट. त्यावर उमललेले कमळ. त्यावर एकावर एक नऊ कडी. मग ज्वालेसारखी जाळीदार नक्षी. आणि अखेरीस रत्न. पालथा वाडगा म्हणजे अंड आणि नऊ कडी म्हणजे छत्रावली, हे निराळे सांगावयास नको. खालचे पाच मजले कितीही भव्य असले तरी ते एका अर्थी या छोट्या स्तूपाचे अधिष्ठानच होत.

नारा प्रांतातील होर्यूजी येथील पाच मजली पॅगोडा हा आज उभ्या असलेल्या अशा वास्तूंत सर्वांत प्राचीन होय. त्याची उंची सुमारे ३२ मीटर असून त्याच्या सर्वांत वरच्या मजल्याची बाजू तळमजल्याच्या बाजूच्या निम्मी आहे. त्याच्या मध्यस्तंभाचे लाकूड ५९४ साली तोडलेल्या वृक्षाचे असल्याचे वृक्षवलयांच्या अभ्यासावरून २००१ साली जाहीर करण्यात आले. या स्तंभाच्या पायथ्याच्या शिळेत पुरलेले धातुपात्र १९२६ साली दृष्टीस पडले. एकात एक ठेवलेल्या धातूच्या पात्रांच्या आत काचेची कुपी, असे त्याचे स्वरूप आहे. मनोऱ्यावर चढून परिसर न्याहाळणे हा या वास्तूचा उद्देश नव्हता. वरच्या मजल्यांत वावरण्यास जागाच नाही. पायथ्याशी धातू, शिखरावर स्तूप, आणि त्या दोहोंना उचलून धरणारी लाकडाची घडण, असा हा सारा प्रकार आहे.

आता कोल्हापूरकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापुरात एका प्राचीन स्तूपाच्या अवशेषांत दगडी धातुपेटी मिळाली. तिच्यावरील ब्राह्मी लिपीतील लहानसा प्राकृत लेख असे सांगतो की, हे दान बम्ह नावाच्या व्यक्तीचे असून धमगुताने ते करविले. होर्यूजीच्या पायथ्यातील पात्र आणि कोल्हापुरातील ही पेटी यांच्यामध्ये अनेक शतकांचे व हजारो मैलांचे अंतर आहे. परंतु दोन्हींचे प्रयोजन एकच होते. जोतिबाच्या डोंगराजवळील पोहाळे येथील बौद्ध लेणी लक्षात घेतली म्हणजे हा प्रदेश त्या परंपरेच्या बाहेर नव्हता हे अधिकच स्पष्ट होते.

४

मोठ्या वास्तूची लहान प्रतिकृती करण्याची प्रथा ही विक्रीसाठी निघालेली नवी टूम आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः ती प्रथा पॅगोड्याइतकीच जुनी आहे. भाजे येथे चौदा लहान स्तूपांचा समूह आहे. त्यांतील काहींवर दिवंगत स्थविरांची नावे कोरलेली आढळतात. कान्हेरी येथेही भिक्षूंच्या स्मरणार्थ उभारलेले लहान स्तूप आहेत. स्तूपाची लहान आकृती घडविणे हे पुण्यकर्म मानले जात असे.

जपानात या कल्पनेने एक विलक्षण रूप धारण केले. ७६४ साली झालेले एक बंड मोडल्यानंतर सम्राज्ञी शोतोकू हिने दहा लक्ष लाकडी पॅगोडे करविण्याचा संकल्प सोडला. ७७० साली तो सिद्धीस गेला, आणि दहा मंदिरांस प्रत्येकी एक लक्ष याप्रमाणे ते वाटण्यात आले. प्रत्येक पॅगोडा सुमारे एकवीस सेंटिमीटर उंचीचा, तीन छपरांचा, लाकूड चरकावर कातून केलेला. आतील पोकळीत छापील धारणीमंत्राची गुंडाळी, आणि वर बूच म्हणून बसविलेला सोरिन. कालनिश्चिती झालेल्या जगातील अत्यंत प्राचीन छापील मजकुरांत या मंत्रांची गणना होते. होर्यूजी येथे यांपैकी चाळीस हजारांहून अधिक पॅगोडे आजही आहेत. त्यांपैकी पुष्कळांच्या तळाशी कारागिराचे नाव व तारीख शाईने लिहिलेली आढळते. राजाज्ञेने झालेल्या या कामात कातारी कारागिरांची नावे राहून जावीत, ही गोष्ट अभ्यासकाच्या दृष्टीने फार मोलाची आहे.

सावंतवाडीच्या चितारी कारागिरांचे चरकावरील काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही कृती समजण्यास अडचण पडणार नाही. लाकडाचा ठोकळा फिरता ठेवून त्यावर हत्यार धरावयाचे, खाचा पाडीत जावयाचे, आणि एकाच ठोकळ्यातून एकावर एक छपरे उठवावयाची. छप्पर चौकोनी न होता वाटोळे होते ते याच कारणाने. कातीव पॅगोडा आणि कोरीव पॅगोडा हे दोन प्रकार येथेच वेगळे होतात. कोरीव वा जुळणीच्या पॅगोड्यात छप्पर चौकोनी असते, तुळया व कौले निराळी दाखविता येतात, आणि काम सुताराकडून मूर्तिकाराकडे सरकते.

जुळणीच्या प्रतिकृतींचे दोन उत्तम प्राचीन नमुने नारा येथेच आहेत. गांगोजी मंदिरातील लहान पॅगोडा सुमारे साडेपाच मीटर उंचीचा असून त्यात आतील सांधे व आधार यांचीही हुबेहूब घडण केलेली आहे. काइर्यूओजी येथील सुमारे चार मीटर उंचीच्या पॅगोड्यात मात्र केवळ बाह्य रूप साधलेले असून आतून तो पेटीसारखा आहे. एक प्रतिकृती वास्तू कशी उभी राहते ते दाखविते, दुसरी ती कशी दिसते ते दाखविते. आपल्या कपाटातील पॅगोडा हा या दुसऱ्या प्रकारचा वंशज होय.

५

पूजेची वस्तू विक्रीची वस्तू केव्हा झाली? या प्रश्नाचे उत्तर एका वर्षात बांधता येत नसले तरी १८६८ हे वर्ष निर्णायक मानावे लागते. मेइजी राजवटीने त्या वर्षी शिंतो व बौद्ध उपासनास्थाने परस्परांपासून विलग करण्याची आज्ञा काढली. तिच्या पाठोपाठ अनेक ठिकाणी बौद्ध मंदिरांवर आघात झाले, त्यांची उत्पन्ने गेली, मूर्ती व ग्रंथ विकले अथवा जाळले गेले. नारा येथील कोफुकुजीचा पाच मजली पॅगोडा केवळ त्यातील धातूसाठी क्षुल्लक किमतीस विक्रीस निघाला होता, अशी आख्यायिका आहे. खुद्द पॅगोड्यावर हा प्रसंग आला, तेथे मूर्तिकार व मंदिरांचे सुतार यांची अवस्था काय झाली असेल याची कल्पना करणे कठीण नाही. त्यांचे आश्रयदाते गेले, परंतु हातांतील कसब राहिले.

याच सुमारास जपानी सरकारने परदेशी प्रदर्शनांतून आपल्या कारागिरीची पेठ वाढविण्याचे धोरण स्वीकारले. १८७३ सालच्या व्हिएन्ना येथील प्रदर्शनात टोकियोतील यानाका येथील तेन्नोजीच्या पाच मजली पॅगोड्याची मोठी प्रतिकृती मांडण्यात आली होती. मंदिराची वास्तू आपल्या भूमीवरून उचलून परक्या प्रेक्षकांपुढे, इतर मालाच्या रांगेत, राष्ट्राची खूण म्हणून उभी राहिली. तेथून पुढे पॅगोडा हे जपानचे चित्र झाले. टपालाची कार्डे, चहाचे डबे, लाखकामाच्या पेट्या यांवर तो आला, आणि लहान लाकडी प्रतिकृतीच्या रूपाने प्रवाशांच्या सामानातून देशोदेशी गेला.

या परिवर्तनात केवळ ऱ्हास पाहणे योग्य नव्हे. ताकामुरा कोऊन (१८५२-१९३४) हा शिल्पकार मूळचा बौद्ध मूर्तिकारांच्या पठडीत शिकलेला होता. पुढे तो टोकियोच्या कलाविद्यालयात अध्यापक झाला. १९१० सालच्या लंडन येथील जपान-ब्रिटिश प्रदर्शनासाठी दुसरा शोगुन तोकुगावा हिदेतादा याच्या समाधिमंदिराची एक दशांश प्रमाणातील लाकडी प्रतिकृती त्याच्या देखरेखीखाली घडली. प्रदर्शनानंतर ती इंग्लंडच्या राजास भेट देण्यात आली. मूळ समाधिमंदिर १९४५ सालच्या हवाई हल्ल्यांत नष्ट झाले; प्रतिकृती मात्र टिकली, आणि २०१५ साली दीर्घ मुदतीच्या उसनवारीने टोकियोच्या झोजोजी मंदिरात परतली. व्हिएन्नात ज्याची प्रतिकृती मांडली गेली होती तो यानाकाचा पॅगोडाही १९५७ साली आगीत भस्मसात झाला. लाकडाच्या वास्तूंच्या देशात प्रतिकृती हीच कित्येकदा मूळ वास्तूची साक्षीदार ठरते. शोभेसाठी केलेली वस्तू पुढे पुरावा होते, हा नियम आपल्या विषयाच्या दृष्टीने मनात ठेवण्यासारखा आहे.

६

जपानी माल पश्चिम भारतात येण्याचा राजमार्ग कापसाने तयार केला. १८९३ साली निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीने जमशेटजी टाटा यांच्या सहकार्याने मुंबई व जपान यांमध्ये नियमित आगबोटी सुरू केल्या. कापूस जपानला जाई. परतीच्या फेरीत रेशीम, काड्यापेट्या, चिनी मातीची भांडी, पंखे, खेळणी असा नाना प्रकारचा माल येई. १९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले व तिकडील माल येणे अडले, तेव्हा ही पोकळी जपानी मालाने झपाट्याने भरून काढली. कापडाच्या बाबतीत ही स्पर्धा इतकी तीव्र झाली की १९३४ साली भारत व जपान यांच्या व्यापाराविषयी करार करणे सरकारला भाग पडले. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरल्यावर हा व्यापार थांबला, आणि १९५२ सालच्या भारत-जपान शांतता तहानंतर दोन्ही देशांचे संबंध पुन्हा सुरळीत झाले.

धनिकांच्या संग्रहाची परंपरा याहून निराळी आहे. सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांनी जमविलेल्या चिनी व जपानी कलावस्तू मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. तेथील लाखकाम, हस्तिदंती काम, तलवारी यांची निवड जाणकाराच्या नजरेने झालेली आहे. मध्यमवर्गीय घरातील पॅगोडा या वाटेने आला नाही. तो आला बाजाराच्या वाटेने: कोणी मुंबईच्या दुकानातून आणला, कोणी परदेश प्रवासाची खूण म्हणून, तर कोणास तो भेट मिळाला.

मुंबईच्या बंदरात उतरलेला माल कोल्हापुरास पोहोचण्याची सोय १८९१ साली झाली. त्या वर्षी मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला. चार वर्षांनी स्थानकाच्या लगतच्या भागात शाहूपुरी वसली, हा योगायोग नव्हे. गुळाची पेठ म्हणून तिची ख्याती झाली. गूळ बाहेर जाऊ लागला, आणि रोकड व बाहेरचा माल आत येऊ लागला. आखीव गल्ल्या, खाली दुकान व वर बिऱ्हाड, रस्त्याच्या बाजूला बैठकीची खोली, अशा घरात पाहुण्यांच्या दृष्टीस पडेल असे काचेचे कपाट मांडण्यास जागा होती, तशी इच्छाही होती. जुन्या वाड्याच्या सोप्यावर प्रतिष्ठा माणसांच्या वर्दळीने कळे; पेठेतील नव्या घरात ती वस्तूंनीही सांगावी लागे.

जपानविषयीचा आदर हाही या इच्छेचा एक घटक होता. १९०५ साली जपानने रशियाचा पराभव केल्यानंतर आशियातील एका राष्ट्राने युरोपीय सत्तेस नमविले, ही भावना महाराष्ट्रातही प्रबळ होती. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाची प्रेरणा त्यांना टोकियोच्या महिला विद्यापीठाच्या माहितीपत्रकातून मिळाली होती. विलायती शोभावस्तूपेक्षा जपानी शोभावस्तू घरात ठेवण्यात मनाला टोचणी कमी लागावी, अशी ही परिस्थिती होती; मात्र स्वदेशीच्या काटेकोर कसोटीस तीही उतरत नव्हती, हे नमूद केले पाहिजे.

७

येथे मुख्य प्रश्नाकडे यावयाचे. वास्तूची प्रतिकृती घरात ठेवणे ही गोष्ट मराठी मनास नवी होती काय? मुळीच नाही. आपला देव्हारा ही शिखर व खांब असलेली देवळाची प्रतिकृतीच होय. मोहरमचे ताबूत ही समाधीची बहुमजली प्रतिकृती होय, आणि दक्षिण महाराष्ट्रात त्या उत्सवात हिंदूंचाही सहभाग असे. दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला रचतात, तीही प्रतिकृतीच; कोल्हापुरात पन्हाळा दृष्टीच्या टप्प्यात असताना तिला निराळाच अर्थ येतो. परंतु या तिन्ही प्रकारांत एक समान धर्म आहे. देव्हाऱ्यात पूजा होते. ताबूत ठराविक दिवशी थंड होतो. किल्ला रचला जातो व पावसापाण्याने विरून जातो. प्रतिकृतीचे सार्थक एखाद्या कृतीत, एखाद्या तिथीत होते.

काचेच्या कपाटातील पॅगोड्यास तिथी नाही व विधीही नाही. त्याच्यापुढे दिवा लागत नाही. वर्षातून एखादे वेळी, गौरी-गणपतीच्या किंवा चैत्रगौरीच्या आरासीत, तो कपाटातून बाहेर निघून इतर शोभेच्या वस्तूंबरोबर मांडला जाई, एवढाच काय तो त्याचा उत्सव. वास्तूची प्रतिकृती केवळ पाहण्यासाठी, बारमाही, घरात असणे ही मराठी गृहजीवनातील नवी गोष्ट होती, आणि तीच या वस्तूची खरी ऐतिहासिक नोंद होय असे प्रस्तुत लेखकास वाटते. पॅगोडा आपल्याकडे आला तो स्तूप म्हणून नव्हे, तर 'शोभावस्तू' या नव्या वर्गाचा एक प्रतिनिधी म्हणून. ज्या गृहस्थाने तो घेतला त्याला त्याच्या शिखरावरील नऊ कड्यांत कार्ल्याचे छत्र दिसले नाही, आणि तसे ते दिसले होते असे त्याच्या वतीने आपण म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

कोल्हापुरात परदेशी वस्तू घरात येण्याचा हा काही पहिला प्रसंग नव्हता. पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४५ साली प्रा. कुंदनगार यांनी केलेल्या उत्खननात ब्राँझच्या वस्तूंचा संचय मिळाला. त्यात ग्रीक समुद्रदेव पोसायडन याची रोमन जगातून आलेली लहान मूर्ती होती. पुढे डॉ. सांकलिया व डॉ. दीक्षित यांनी तेथे केलेल्या उत्खननाचा वृत्तांत १९५२ साली प्रसिद्ध झाला. सातवाहनकालीन कोल्हापूरच्या ज्या रहिवाशाने पोसायडन जवळ बाळगला, त्याने त्यास देव मानले की सुबक धातुकाम म्हणून जपले, हे मूर्ती स्वतः सांगत नाही. देव्हारा की दिवाणखाना, हा प्रश्न तेथेही उभा राहतो. आणि वस्तू घरात नेमकी कोठे होती याची साक्ष नसल्यामुळे तो अनुत्तरित राहतो. आजच्या पॅगोड्याविषयी ती साक्ष आपणास अजून मिळविता येण्यासारखी आहे.

ती मिळविण्याची निकड आणखी एका कारणाने वाढते. कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे मार्च १९२० मध्ये भरलेल्या परिषदेत शाहू छत्रपती व डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका व्यासपीठावर आले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी नागपूर येथे आपल्या अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर महाराष्ट्रातील लक्षावधी घरांत बुद्धमूर्ती आली, आणि तिच्या सान्निध्यात सांचीच्या स्तूपाची, पुढे नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूपाची प्रतिकृती आदराने ठेवली जाऊ लागली. स्तूपाच्या आकृतीस तिचा मूळ अर्थ या घरांत परत लाभला. यामुळे एकाच गावात, क्वचित एकाच गल्लीत, एका घरी पॅगोडा हे कपाटातील नक्षीकाम असते, तर दुसऱ्या घरी तीच आकृती वंदनेचा विषय असते. दोन्ही वस्तू एकाच दुकानातून आलेल्या असणे अशक्य नाही. लाकूड, कारागिरी व किंमत यांवरून त्यांतील भेद कळणार नाही. तो कळेल घरातील जागेवरून, आणि त्या घराच्या इतिहासावरून.

८

तेव्हा अशी प्रतिकृती समोर आली असता अभ्यासकाने तिची परीक्षा कशी करावी? पहिली गोष्ट, घरमालकाने 'जपानी' म्हटले म्हणून ती जपानी मानू नये. जपानी पॅगोडा बहुधा चौरस पायाचा, तीन किंवा पाच मजल्यांचा, लांब पसरलेल्या छपरांचा व माथ्यावर सोरिन असलेला असतो. अपवाद आहेत, नागानो प्रांतातील आनराकुजीचा पॅगोडा अष्टकोनी आहे. चिनी पॅगोडा पुष्कळदा अष्टकोनी, सात ते तेरा मजल्यांचा, वर वळलेल्या कोपऱ्यांचा व त्यांना घंटा लोंबणारा असा असतो. चिनी पॅगोड्यांच्या लाकडी प्रतिकृतींची मोठी निर्मिती शांघाय येथील तुशानवान या ख्रिस्ती अनाथाश्रमाच्या कार्यशाळेत झाली; तेथील मुलांनी घडविलेल्या ऐंशीहून अधिक पॅगोड्यांचा संच १९१५ सालच्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनात मांडला गेला होता. चिनी पॅगोड्यास 'जपानी' म्हणून ओळखण्याची चूक बाजारात सर्रास होते, आणि ती तशीच आपल्या टिपणांत उतरण्याचा धोका असतो.

दुसरी गोष्ट, तळ पाहावा. अमेरिकेच्या १८९० सालच्या जकात कायद्यामुळे तिकडे जाणाऱ्या मालावर उत्पादक देशाचे नाव घालणे पुढील वर्षापासून आवश्यक झाले. तेव्हापासून 'निप्पॉन' असा, व १९२१ पासून 'जपान' असा छाप आढळतो. १९४७ ते १९५२ या काळातील मालावर 'ऑक्युपाइड जपान' हे शब्द येतात. हे छाप कालनिश्चितीस उपयोगी आहेत, परंतु त्यांचा अभाव काहीच सिद्ध करीत नाही. कारण हिंदुस्थानात येणारा माल त्या कायद्याच्या कक्षेत नव्हता, आणि कागदी चिठ्ठी तर सहज निघून जाते.

तिसरी गोष्ट, घडण पाहावी. छपरे एकाच ठोकळ्यातून काढली आहेत की निराळी करून बसविली आहेत, मजले वर जाताना प्रमाणात लहान होतात काय, सोरिनवर कड्यांची संख्या किती, सांधे खाचेचे आहेत की नुसते सरसाने चिकटविलेले, रोगण मूळचे आहे की नंतर चढविलेले, हे टिपून घ्यावे. कोल्हापुरात असे काम पारखणारी नजर परंपरेने आहे. चित्रपटकार बाबूराव पेंटर (१८९०-१९५४) हे ज्या मेस्त्री घराण्यात जन्मले तेथे सुतारकाम व कोरीव काम घरचेच होते. अशा घराण्यांतील वृद्ध कारागिरास एखादा पॅगोडा दाखविला तर ग्रंथांतून न मिळणारी माहिती पाच मिनिटांत मिळेल.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वस्तूची जागा. ती कोणत्या खोलीत, कोणत्या उंचीवर, कशाच्या शेजारी आहे. तिच्यापुढे कधी फूल वाहिले जाते काय. ती कोणी, कोणत्या निमित्ताने आणली असे घरातील माणसे सांगतात. ती झाडण्यापुसण्याचे काम कोणाकडे असते. या प्रश्नांची उत्तरे त्याच बैठकीत, सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून घेतली पाहिजेत. वस्तू पुढे एखाद्या संग्रहालयात गेली तर लाकूड टिकेल, पण ही माहिती तिच्याबरोबर जाणार नाही. ब्रह्मपुरीच्या पोसायडनविषयी आपण आज जे विचारू शकत नाही, तेच उद्याचे अभ्यासक आपल्या पॅगोड्याविषयी विचारू शकणार नाहीत.

यास विलंब करणे परवडणारे नाही. जुनी घरे पाडून तेथे इमारती उभ्या राहत आहेत, आणि घर बदलताना काचेचे कपाट प्रथम निघते. २०१९ व २०२१ सालच्या महापुरांत शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी शिरून गणेशमूर्तींचे झालेले नुकसान सर्वांच्या स्मरणात आहे. मातीची मूर्ती पुढील वर्षी पुन्हा घडते, कारण घडविणारे हात तेथेच आहेत. पाण्यात भिजून सुटलेला, सांधे उकललेला लाकडी पॅगोडा मात्र कचऱ्यात जातो, आणि त्याच्याबरोबर एका कुटुंबाच्या आवडीनिवडीचा, प्रवासाचा व प्रतिष्ठेच्या कल्पनांचा पुरावाही जातो.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या पेठेतील दहा घरांतील शोभावस्तूंची अशा पद्धतीने यादी केली, तरी विसाव्या शतकातील कोल्हापूरच्या गृहजीवनाविषयी आज उपलब्ध नसलेले साधन हाती येईल. कामाचा आरंभ स्वतःच्या घरातील कपाटापासून करण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही.